पितृपक्षात आलेलं पार्सल

इंदुरच्या स्नेहलतागंजातलं दफ्तरदारांचं घर रुंदीला एका दुकानाएवढं आणि लांबीला आगगाडीएवढं. पुढे बैठक, मग मधली खोली, देवघर, स्वयंपाकघर, मग उघडा चौक, चौकापलीकडे मागची ओसरी आणि ओसरीच्या वर मधुवंतीची खोली. इंटरनेटवाल्यांनी आपली पांढरी डबी बैठकीत टीव्हीच्या मागे ठोकली होती, कारण वायर रस्त्याकडून येते आणि वायरवाल्याला त्यापुढे जायचा कंटाळा होता. तिथून निघालेलं वायफाय देवघरापर्यंत धडधाकट चालत यायचं, स्वयंपाकघरात धापा टाकायचं आणि चौक ओलांडताना राम म्हणायचं.

लग्नानंतरची चार वर्षं मधुवंतीला याचं काही वाटलं नव्हतं, कारण दिवसभर ती घरात नसायचीच. पलासियाच्या एका कोचिंग क्लासमध्ये ती केमिस्ट्री शिकवायची. तिच्या बॅचला पोरं जिन्यात बसून शिकायची, इतकी गर्दी. मग यशोधरा झाली. यशू आता अकरा महिन्यांची होती, दोन दात आले होते आणि आईच्या कडेवरून उतरणं तिला मंजूर नव्हतं. क्लासवाल्यांनी चार महिने वाट पाहिली आणि दुसरी मॅम ठेवली.

त्यात ऑगस्टमध्ये एका ऑनलाइन शिकवणाऱ्या कंपनीचा फोन आला. रोज दुपारी तीन तास, घरून. यशू नेमकी दुपारीच झोपायची, जणू पोरीनं आईच्या नोकरीची वेळ आधीच ओळखून ठेवली होती. एकच पायरी उरली होती : खऱ्या मुलांसमोर एक तासाचा डेमो क्लास, गुरुवारी, अकरा वाजता. त्यांची अट साधी होती. तासाभरात लाइन दोनदा तुटली तर चालेल, तिसऱ्यांदा तुटली की क्लास बंद.

मधुवंतीनं ती अट वाचली आणि वर पाहिलं. तिच्या खोलीत लाइन तासाला वीसदा तुटायची.

अभिराम, म्हणजे तिचा नवरा, आधी बाजारातून एक स्वस्तातला रिपीटर घेऊन आला. त्यानं घरात दुसऱ्याच नावाचं एक वायफाय तयार केलं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलं की पहिलं सुटायचं आणि दुसरं धरायला अर्धं मिनिट जायचं. मग मधुवंतीनं स्वतः वाचायला घेतलं. यशूला पाजताना एक हात मोकळा असतो, त्या हातानं. पंधरा दिवसांत तिला कळलं की या घराला मेश लागणार. दोन-तीन डब्या, सगळ्यांचं नाव एकच, पासवर्ड एकच, आणि त्या एकमेकींशी बोलून तुमचा फोन हातोहात पुढे देतात. सासऱ्यांना समजावताना ती म्हणाली, "नानासाहेब, यशूला मी आईंच्या कडेवर देते, तेव्हा तिची झोप मोडते का? तसंच हे. एका डबीच्या कडेवरून दुसरीच्या कडेवर. फोनला पत्ताही लागत नाही."

नानासाहेबांना उपमा आवडली, पण उपमेवर ते खरेदी करत नसत. पूर्वज होळकरांच्या दफ्तरात, स्वतः वीज मंडळात अडतीस वर्षं, तेव्हा तक्त्याशिवाय निर्णय नाही. त्यांनी पट्टीनं घराचा नकाशा काढला, भिंतींची जाडी लिहिली, तीन कंपन्यांच्या डब्या एकाखाली एक मांडल्या. थोरला मुलगा नचिकेत न्यू जर्सीला असतो, त्याचं मत मागवलं. त्यानं स्वतःच्या घरातली, सगळ्यांत भारीतली सांगितली आणि दोन दिवस त्यावर चर्चा झाली. नकाशाप्रमाणे दोन डब्या पुरतील, असं नानासाहेबांचं म्हणणं. मधुवंती तिसरीसाठी अडून बसली. चौक नकाशावर बोटभर दिसतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती दीड-दीड विटेच्या आहेत आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून फ्रिज, पीठगिरणी आणि दोन लोखंडी कपाटं उभी आहेत, हे तिनं सांगितलं. या घरात तिनं जिंकलेली ती पहिली बाजी. त्या आनंदात आठ दिवस गेले, हे तिच्या लक्षात आलं नाही.

पार्सल शनिवारी यायचं होतं. शनिवारी अनंत चतुर्दशी. इंदुरात त्या दिवशी झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात आणि अर्धं शहर बंद होतं. कुरिअरवाला सोमवारी उगवला. म्हणाला, "भाभीजी, परसों तो गली के मुँह तक आके लौट गया. झांकी का रोड बंद था, क्या करता." मधुवंतीनं त्याला पाणी दिलं. खोकं छान जड होतं. यशूला एका कडेवर घेऊन दुसऱ्या हातात कात्री घेऊन ती मधल्या खोलीत बसली आणि चिकटपट्टीला कात्रीचं टोक लावलं.

मंगलाबाई, तिच्या सासूबाई, स्वयंपाकघरातून ओले हात पुसत आल्या. त्या ओरडणाऱ्यांतल्या नव्हत्या. हळूच म्हणाल्या, "अगं, आज प्रतिपदा ना?"

मधुवंतीच्या हातातली कात्री थांबली.

"पक्ष लागला. पंधरा दिवस नवं काही उघडायचं नाही आपल्यात. माझ्या सासूबाईंनी तर पक्षात आलेलं नवं लुगडंसुद्धा दोन आठवडे गाठोड्यात ठेवलं होतं. वाईट नको वाटून घेऊस. घटस्थापनेला हळदकुंकू लावून उघडू, बरकत येईल."

गुरुवारचं काय, असं मधुवंतीनं विचारलं. मंगलाबाईंना गुरुवार ठाऊक होता, त्यांना सुनेची काळजीही होती. बैठकीत बस ना एक तास, तिथे तर नेट पळतं, यशूला मी बघते, कोण खातंय तुला, असं त्या म्हणाल्या आणि खोकं उचलून देवघराशेजारच्या माळ्यावर ठेवून आल्या. जाताना त्यांनी यशूच्या गालाला हात लावला. राग यावा असं त्यांच्या वागण्यात काहीच नव्हतं, आणि म्हणून तो कुठे ठेवावा हे मधुवंतीला कळेना.

संध्याकाळी तिनं अभिरामला सांगितलं. तो बूट काढत होता. "क्या है ना, आईबाबांना यावर बोलून काही उपयोग नाही. एडजस्ट कर ले यार, दोनच आठवडे. आणि बैठकीत बसायला काय हरकत आहे?" त्याचं म्हणणं चूक नव्हतं. बैठकीत नेट होतंच. बैठक तेवढी तिची नव्हती.

मंगळवार-बुधवार तिनं तयारी केली. पाण्याचा रेणू शिकवायचा होता. रात्री भिजवलेले चणे आणि दात कोरायच्या काड्या घेऊन तिनं रेणू बनवले, मोठा चणा ऑक्सिजनचा, दोन लहान हायड्रोजनचे, मधला कोन नीट मोजून. यशूनं त्यातले दोन हायड्रोजन तोंडात घातले, ते तिनं बोट घालून काढले आणि नवे लावले. वर्षभरात पहिल्यांदा आरशात बघून ती इंग्रजीत बोलली. आवाज तोच होता. तिला भीती वाटत होती की तो गेला असेल.

गुरुवारी अकराला पाच मिनिटं असताना ती बैठकीत बसली. मागे पडदा, पुढे लॅपटॉप, ताटलीत चण्याचे रेणू. यशू आजीपाशी झोपली होती. नानासाहेब वर्तमानपत्र घेऊन आपण होऊन दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले होते, टीव्ही बंद होता. वीस मुलं स्क्रीनवर आली. आणि ती शिकवायला लागली. पाच मिनिटांत तिला ते वर्ष आठवेनासं झालं. पलक नावाच्या एका मुलीनं विचारलं, मॅम, कोन सरळ का नसतो? मॅम हा शब्द ऐकून मधुवंतीला वाटलं, दूध उतरतंय. तिनं चण्याचा रेणू कॅमेऱ्यासमोर धरला आणि त्या प्रश्नासाठी मुलीचं कौतुक केलं.

सव्वाअकराला गुरुजी आले.

रविवारी अष्टमी होती, नानासाहेबांच्या वडिलांचं, आप्पासाहेबांचं श्राद्ध. त्याची यादी करायला गुरुजी आले होते. फोन न करता आले, तसे ते दर वर्षी येतात. नानासाहेबांनी त्यांना ओट्यावर पाच मिनिटं थांबवलं, हेही खरं. पण सत्तरीच्या ब्राह्मणाला उन्हात किती उभं करणार? नानासाहेब दारात आले, खाकरले, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मधुवंती, गुरुजी उभे आहेत."

नाही म्हणावं, हे तिच्या मनात आलं. दोन अक्षरं होती. वीस मुलं बघत होती, तिकडे कंपनीचा कुणी परीक्षक न दिसता बघत होता, आणि दारात सासरे आणि त्यांच्या मागे गुरुजींचं उपरणं. "वन मिनिट, चिल्ड्रन," म्हणत तिनं उघडा लॅपटॉप उचलला, त्यावर ताटली ठेवली आणि घरातून चालायला लागली. वायफायनं देवघरापर्यंत साथ दिली. स्वयंपाकघरात मुलांचे चेहरे थिजले, पीठगिरणीपाशी परत हलले. ते पहिलं तुटणं. ती तिथेच ओट्यापाशी उभी राहून बोलू लागली, तर कुकरची शिट्टी झाली आणि दचकून यशू उठली. मंगलाबाई तिला घेऊन बाहेर आल्या, यशूला आई दिसली आणि तिनं हात पसरले. मधुवंती चौकात पळाली. दुसरं. जिन्यावर बसून तिनं फोनचा डेटा जोडला. मागच्या बाजूला त्याला एकच कांडी मिळायची. पलकचा चेहरा आला, ओठ हलले, आवाज नाही. मग नुसतं गोल फिरत राहिलं.

जिन्यावर तीन-चार चणे सांडले होते. ते तिनं वेचले.

त्या रात्री अभिरामनं विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, तुटलं. तो म्हणाला, अरे, परत घेतील, सगळ्यांचंच तुटतं. शुक्रवारी मेल आला. तुमचं शिकवणं आम्हाला आवडलं, असं पहिलं वाक्य होतं. घरात स्थिर इंटरनेट असल्याची खात्री करून सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करावा, असं शेवटचं. तिनं तो कुणाला दाखवला नाही. कुणी विचारलंही नाही. घर अष्टमीच्या तयारीला लागलं होतं.

शनिवारी सकाळी नचिकेतचा फोन आला. श्राद्ध तो व्हिडिओवर बघणार होता, गेल्या वर्षीही बघितलं होतं. पण दफ्तरदारांकडे श्राद्ध मागच्या ओसरीवरच होतं, पिढ्यान्‌पिढ्या, आणि मागच्या ओसरीवर वायफाय पोचत नाही. "बाबा, गेल्या साली गुरुजींचा हात पाच मिनिटं हवेतच होता," तो म्हणाला. "पिंड खाली आला की नाही, मला आजतागायत माहीत नाही. ते मेश आलंय ना? मग लावा की. रात्री तीनला उठणार आहे मी इथे."

मंगलाबाईंनी पक्षाची आठवण करून दिली, पण आवाजात दम नव्हता. थोरल्याचा चेहरा वर्षातून एकदा त्या ओसरीवर येणार होता. नानासाहेबांनी गुरुजींना फोन लावला. दोन मिनिटं हं, हं केलं, आणि फोन ठेवून प्रसन्न झाले. पितृकार्यासाठी लागणारी वस्तू नवी आणली तरी दोष नाही, श्राद्धाला नवं धोतर नाही का आणत, असा निर्वाळा मिळाला होता. इतका सोपा निर्वाळा. सोमवारीही तो एका फोनच्या अंतरावर होता.

"मधुवंती," नानासाहेबांनी हाक मारली, "ते खोकं खाली घे बरं. तुलाच येतं ते."

माळ्यापाशी ती क्षणभर उभी राहिली. मला येत नाही म्हटलं असतं, तर या घरात दुसऱ्या कुणाला येणार नव्हतं. पण ती खोटं बोलू शकली असती तरी तिचे हात बोलू शकले नसते. खोकं उघडल्याबरोबर त्यांना कामाची चव लागली. यशूला तिनं ओढणीनं पाठीशी बांधलं. पहिली डबी बैठकीत कंपनीच्या डबीशेजारी, मध्ये वायर. फोनवर ॲप. दिवा निळा फिरला, मग पांढरा झाला. दुसरी मधे हवी. फ्रिजवर ठेवली तर लाल. लोखंडी कपाटावर लाल. देवघराच्या प्लगला मंगलाबाईंनी मान हलवून नकार दिला. शेवटी स्वयंपाकघराच्या चौकाकडच्या खिडकीत, पितळी डब्यांच्या मधे जागा करून ठेवली, तिथून तिला पुढची आणि मागची दोन्ही दिसत होत्या. पांढरा. तिसरी मधुवंतीच्या खोलीसाठी मागवलेली. ती नानासाहेबांनी ओसरीवर ठेवायला सांगितली, गुरुजींच्या पाटाजवळ. नाव काय द्यायचं, यावर थोडा खल झाला. 'दफ्तरदार सदन' ठरलं. पासवर्ड आप्पासाहेबांच्या नावाचा.

सगळं व्हायला सव्वा तास लागला. सव्वा तास. बुधवारी यशू त्याहून जास्त वेळ झोपली होती.

रविवारी साडेबाराला श्राद्ध सुरू झालं. खीर, वडे, आमसुलाची चटणी, कारलं, गवार, अळूची भाजी, सगळ्याचा वास ओसरीवर साचला होता. फोन कशालाही टेकवला तरी गुरुजी अर्धेच दिसायचे, म्हणून तो धरायला मधुवंती उभी राहिली. एका हातात फोन, दुसऱ्या कडेवर यशू. पाऊण तास. नचिकेतचा चेहरा इतका स्वच्छ होता की त्याच्या डोळ्यांतली झोप दिसत होती. गुरुजींचा हात वर गेला आणि खाली आला, आणि पिंड दर्भावर टेकला तेव्हा पलीकडे थोरल्यानं हात जोडले. मंगलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मधुवंतीच्याही डोळ्यांत पाणी आलं. एकाच पाण्यात किती गोष्टी असतात, हे शेजारी उभ्या असलेल्यांना कळत नाही.

"मान गये, बाबा," नचिकेत म्हणाला. "समोर बसल्यासारखं वाटलं."

नानासाहेब म्हणाले, हो, आम्ही घरीच लावलं.

जेवणं झाली. कावळा आला, घास घेऊन गेला. मंगलाबाईंनी विचारलं, आता त्या डब्या काढून परत खोक्यात ठेवायच्या का, घटस्थापनेपर्यंत? नानासाहेब बैठकीत आडवे झाले होते, छातीवरच्या फोनवर जुन्या मॅचचा व्हिडिओ न अडखळता चालला होता. म्हणाले, "राहू दे आता. आप्पांनीच लावून घेतलं समज." मंगलाबाईंना ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

अभिराम वर आला तेव्हा मधुवंती पलंगावर बसली होती, यशू मांडीवर पीत होती. त्यानं फोन काढला, स्पीड मोजला, शीळ घातली. "बघ, वरपर्यंत फुल. झालं ना तुझंही काम. आता बिनधास्त क्लास घे."

"कुठला क्लास?"

तो हसला, मग तिच्याकडे बघून थांबला. परत घेणार होते ना, असं काहीतरी म्हणाला.

तिनं लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. शुक्रवारचा मेल उघडा होता. त्यानं तो उभ्यानं वाचला, मग बसून वाचला. शिकवणं आवडलं ते वाक्य त्यानं दोनदा वाचलं, तिला ओठांवरून कळलं. "तू मला बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "तू उत्तर लिही. तुझं इंग्रजी ऑफिसचं आहे. गुरुवारी काय झालं ते लिही आणि पुन्हा एक चान्स माग."

तो लिहायला बसला. एक ओळ लिहिली, पुसली. खालून मॅचमधल्या टाळ्या ऐकू येत होत्या. बऱ्याच वेळानं त्यानं स्क्रीन तिच्याकडे वळवली. घरातल्या खराब नेटवर्कमुळे क्लास पूर्ण होऊ शकला नाही, त्याबद्दल क्षमस्व. एवढंच होतं.

"चालेल ना?" त्यानं विचारलं.

"नेटवर्क खराब नव्हतं, अभिराम. माळ्यावर होतं."

"अगं, पण तसं कसं लिहिणार? हसतील. पक्ष, प्रतिपदा... त्यांना काय कळणार?"

"मला तरी कुठे कळलं," ती म्हणाली.

त्यानं लॅपटॉप मिटला नाही, पुढेही केला नाही. आईबाबांना वाईट हेतू नव्हता, असं तो म्हणाला. ते तिला ठाऊक होतं. हेतू वाईट असता तर सोमवारीच भांडण झालं असतं आणि कदाचित खोकं उघडलं असतं. यशूनं तोंड सोडलं, झोपेत ओठ हलवत राहिली. मधुवंतीनं तिला उशीवर ठेवलं, पदर सारखा केला, लॅपटॉप ओढून घेतला. त्याची ओळ पुसली आणि स्वतः लिहिलं. आमच्या घरात या पंधरवड्यात नवीन वस्तू उघडत नाहीत. डेमोच्या दिवशी सामान घरात होतं, पण बंद होतं. मी ते उघडलं नाही. आता उघडलं आहे.

"मी" या शब्दापाशी ती थोडी थांबली, मग तो तसाच ठेवला.

अभिराम वाचत होता. पाठवू नकोस, असं त्याच्या तोंडावर आलेलं तिला दिसलं. तिनं पाठवलं. बोट उचलायच्या आत मेल गेला. त्या खोलीतून आजवर काहीच इतक्या वेगानं बाहेर गेलं नव्हतं. उत्तरही तितक्याच वेगानं आलं, मशीननं लिहिलेलं : आपण अलीकडेच प्रक्रियेत भाग घेतला असल्यानं सहा महिन्यांपर्यंत आपला विचार होऊ शकत नाही.

तिनं बोटांवर महिने मोजले. मार्च. तेव्हा यशू दुपारी झोपेल की नाही, कुणी सांगावं.

खालून मंगलाबाईंची हाक आली, नचिकेत पुन्हा लाइनवर आहे, यशूला बघायचंय म्हणतोय, घेऊन ये जरा. अभिराम उठायला लागला. मधुवंतीनं त्याच्या मनगटावर हात ठेवून त्याला बसवलं.

"ती झोपलीय," ती म्हणाली. "आज कुणी उठवायचं नाही तिला."